वायाळ आण्णांची घरची आस्थापना

वायाळ आण्णांच्या घरच्या मिक्सरला एकदा कारणे दाखवा नोटीस निघाली होती. मी स्वतः ती वाचली आहे. "आपण काल सकाळी शेंगदाण्याचा कूट करीत असताना कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडलात. ही बाब गंभीर असून आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा." खाली आण्णांची सही, तारीख आणि जावक क्रमांक. खुलासा अर्थातच आला नाही. चौथ्या दिवशी आण्णांनी मिक्सर पिशवीत घालून दुरुस्तीला नेला आणि त्याच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने 'सक्त ताकीद' अशी नोंद केली.

होय, मिक्सरला सर्व्हिस बुक होतं. एकट्या मिक्सरलाच नाही, आण्णांच्या घरात विजेवर चालणाऱ्या प्रत्येक कामाच्या वस्तूला ते होतं. ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी माणसाचं सगळं आयुष्य एका जाड वहीत मावतं. कधी रुजू झाला, कुणाच्या जागी झाला, रजेवर कधी गेला, बदली कुठे झाली, कशाबद्दल बोलणी खाल्ली, सगळं त्यात असतं. मंठ्याच्या आमच्या कचेरीत (खातं कुठलं ते विचारू नका, माझं पेन्शन अजून तिकडूनच येतं) या वह्या सांभाळायचं काम आस्थापना लिपिक रंगनाथ बापूराव वायाळ यांच्याकडे होतं. कचेरीत ते सगळ्यांचे आण्णा.

मी वडीगोद्रीहून नवा कारकून म्हणून तिथे आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीला उभं करून टेपने मोजलं, माझ्या हनुवटीवरचा तीळ शोधून काढला आणि तो वहीत लिहून झाल्यावर समाधानाने पेनाचं टोपण लावलं.

"आता तुमी हाय, पाठक," ते म्हणाले. "सकाळपस्तोर तुमी नव्हते. नोंद न्हाई तं मानूस न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

'बराबर हाय का न्हाई' हे त्यांचं पालुपद. त्यावर 'बराबर' म्हटल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

आण्णा वाढदिवस करत नसत. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या मराठवाड्यासारखा त्यांचाही जन्म एक जूनचा होता, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो तसा लिहून टाकला होता. "माह्या जल्माला कोनी साक्षीदार न्हाई," ते सांगत. "मायला इचारलं तं म्हनायची, ज्वारी काढनीला आल्ती तवा. आता ह्याची काय नोंद घ्यावी? पन मी रुजू झालो त्या तारखेवर साहेबाची सही हाय." म्हणून ते नोकरीला लागल्याचा दिवस साजरा करीत. त्याला ते रुजू दिवस म्हणत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, कचेरीत प्रत्येकाला एक पेढा आणि मूठभर चिवडा. आणि जमलंच तर घरात एक नवीन यंत्र.

रुजू दिवस जवळ आला की आम्ही विचारायचो, "काय आण्णा, यंदा भरती आहे का?"

कधी म्हणत, "न्हाई. यंदा जागा न्हाई." कधी म्हणत, "हाय, एक जागा हाय," आणि गप्प होत. जागा असली की ते जालन्याला जायचे आणि एस.टी.त खोकं मांडीवर घेऊन परत यायचे. शेजारच्या प्रवाशाने 'वर ठेवा की' म्हटलं तरी ते ठेवत नसत. घरी खोक्याला हळदकुंकू, मग यंत्राचा रुजू अहवाल, मग नवीन वही. असा आधी मिक्सर आला होता. मग पाण्याची मोटार आली, गिझर आला, घरघंटी आली.

मिक्सरच्या वहीचं पहिलं पान आण्णा कौतुकाने कचेरीत आणून दाखवायचे. उंची: एक फूट दोन इंच. ओळखीची खूण: झाकणाला डावीकडे चीर. मातृभाषा: नाही. डाव्या अंगठ्याच्या ठशाच्या चौकटीत त्यांनी मिक्सरचा बुडाचा रबरी पाय शाईत बुडवून उमटवला होता. आम्ही हसून हसून बेजार. कुणी पान उलटायला गेलं की मात्र ते वहीवर हात ठेवत. "आत गोपनीय हाय," म्हणत. आम्हाला तोही विनोदच वाटायचा.

त्या काळात मंठ्यात वीज पाहुण्यासारखी यायची. पण त्याबाबतीत आण्णा न्यायी होते. वीज नसल्यामुळे यंत्र चाललं नाही तर वहीत 'गैरहजर, कसूर नाही' असा शेरा पडायचा. मिक्सरनंतर कसूर ठरली ती एकट्या रोटीयंत्राची. दोन तव्यांमध्ये गोळा दाबला की पोळी तयार, असं दुकानदाराने सांगितलं होतं. ते गव्हाच्या बाबतीत खरंही होतं. पण आण्णांच्या घरी ज्वारीची भाकरी, आणि ज्वारी काही दुकानदाराचं ऐकेना. गोळा दाबला की चहूबाजूंनी फुटायचा. महिनाभर आण्णा डब्यात भाकरीचे तुकडे आणत होते. शेवटी त्यांनी रोटीयंत्राला निलंबित करून माळ्यावर ठेवलं आणि त्यांच्या डब्यात रोज खिचडी यायला लागली. "आण्णा, काकू रागावल्यात काय?" आम्ही विचारायचो. "पोटाला हलकी पडती," ते म्हणायचे.

हा झाला त्यांचा एक वेडेपणा. दुसरा त्याहून अजब होता.

कचेरीचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, आण्णांच्याच ताब्यात. कचेरी दहाची. दहा वाजून दहा मिनिटांनंतर येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईने लेटमार्क, आणि तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापायची, असा नियम. असे नियम सगळीकडेच असतात. पण आमच्याकडे तो पाळला जायचा, आणि लागू व्हायचा तो मुख्यतः एका माणसाला. आण्णा स्वतः रोज वीस मिनिटं उशिरा येत. सायकल भिंतीला लावत, कपाळाचा घाम पुसत, मस्टर उघडून सही करत, मग लाल पेन काढून स्वतःच्या नावापुढे लेटमार्क करत आणि कामाला लागत. रोज. मार्च संपायच्या आत त्यांच्या सगळ्या किरकोळ रजा लेटमार्कांत संपलेल्या असत.

असं पहिल्यापासून नव्हतं. मी आलो तेव्हा आण्णा दहाच्या आधी खुर्चीत असायचे. त्यांची एकुलती एक मुलगी उषा लग्न होऊन भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाईला गेली, आणि त्याच महिन्यापासून हा उशीर सुरू झाला. आम्ही आपसात ठरवून टाकलं की लेक गेल्यावर माणूस जरा सैल सुटला.

"आण्णा, मस्टर तुमच्याच हातात आहे," मी एकदा म्हटलं. "कशाला मांडता? कोण बघतंय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी उशिरा आल्तो का न्हाई?"

"आल्तात."

"मंग?"

सत्त्याण्णव साली त्यांच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली. सरकारात पंचविसाव्या वर्षाचं कौतुक करायची पद्धत नाही, म्हणून आण्णांनी ते घरीच करायचं ठरवलं. साहेबांसकट सगळी कचेरी जेवायला बोलावली. त्या वर्षी जागा होती. वॉशिंग मशीन आलं होतं.

ते बैठकीतच पाटावर उभं होतं, झेंडूचा हार घालून. आण्णांनी उभं राहून त्याचा रुजू अहवाल मोठ्याने वाचला. साहेबांनी हसत हसत मशीनला "अभिनंदन" म्हटलं. स्वयंपाकाला आचारी लावला होता आणि आचाऱ्याचीच माणसं वाढत होती. आमच्याकडे घरच्या बाईने आग्रह करून वाढलं नाही तर जेवलेला माणूस उपाशी उठल्यासारखं मानतात. काकू मात्र आतल्या दाराशी खुर्चीवर बसून होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. त्या एकदाही उठल्या नाहीत. त्यांची वेणी मानेपासून डावीकडे गेली होती आणि गजरा उजवीकडे लोंबत होता. "एवढ्या मशिनी घेतल्या, आरसा तेवढा घ्यायचा राहिला," मी शेजारच्याच्या कानात म्हटलं. तो हसताना त्याला ठसका लागला.

माझं तेवढ्यावर भागलं नाही. हात धुवायला जाताना मी काकूंपाशी थांबलो. "काय काकू, आता तुम्हाला काय काम उरलं?"

काकू माझ्याकडे बघून छान हसल्या. "काहीच न्हाई ना बाबा. समदी कामं मशिनीनं नेली."

पान खाऊन साहेब खुशीत आले. नाशिककडचे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळ्यांदेखत विषय काढला. हेडक्लार्क निवृत्त होत होते आणि सेवाज्येष्ठतेने ती खुर्ची आण्णांची होती. "वायाळ, तुमच्यासारखं टिपण जिल्ह्यात कुणी लिहीत नाही. पण या लाल खुणा घेऊन मी तुमची शिफारस कशी करू? एक महिना द्या मला. पुढच्या एक तारखेपासून एकच महिना वेळेवर या. गोपनीय अहवाल मी माझ्या हाताने चांगला लिहितो."

आण्णांनी दाराकडे पाहिलं. काकूही त्यांच्याकडेच पाहत होत्या. आण्णांना ती खुर्ची हवी होती, हे मी पैजेवर सांगतो. हेडक्लार्कच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट ते जाता-येता पुसायचे.

"बघतो साहेब," ते म्हणाले.

एक तारखेला आम्ही सगळे घड्याळाखाली उभे राहिलो. दहा वाजले. दहा दहा झाले. दहा वीसला सायकल भिंतीला लागली. आण्णांनी घाम पुसला, सही केली आणि लाल पेन काढलं. दोन तारखेला तेच झालं. तीन तारखेला मी चिडून फाटकापाशीच त्यांना गाठलं.

"आण्णा, अर्धा तास लवकर उठायला काय होतं?"

"मी चारला उठतो, पाठक."

"मग?"

"लवकर उठून व्हायचं काम न्हाई ते," एवढंच म्हणाले आणि आत गेले. महिन्याअखेर साहेबांनी त्यांना बोलावून कारण विचारलं. आण्णा फरशीकडे बघत उभे राहिले. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'काम उत्तम, वेळेचे भान नाही.' आणि हेडक्लार्कचा कार्यभार माझ्याकडे आला. माझ्याकडे, म्हणजे ज्याचा तीळ आण्णांनी शोधून काढला होता त्याच्याकडे. तो आदेश आण्णांनीच लिहिला, साहेबांची सही आणली आणि माझ्या सर्व्हिस बुकात सुवाच्य अक्षरात नोंद घेतली. पेपरवेट माझ्या टेबलावर आला, आणि तो पुसायचं त्यांनी सोडलं.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी थंडीत काकूंच्या छातीत कफ झाला, त्यांना जालन्याला दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी मी पावणेदहाला कचेरीत आलो तर शिपाई अजून कुलूप काढत होता आणि पायरीवर आण्णा बसले होते. इस्त्री नसलेला शर्ट, मुंडण केलेलं डोकं. माझ्यामागून आत आले, मस्टर उघडलं, सही केली आणि मस्टर मिटलं. लाल पेन खिशातच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतर आण्णा कधीही, एकदाही, उशिरा आले नाहीत.

साहेब खूश झाले. "बघा, मनात आणलं की जमतं," ते मला म्हणाले. त्यांनी अहवाल खरोखरच चांगला लिहिला आणि सहा महिन्यांत आण्णांची पदोन्नती आली. मी खुर्ची रिकामी केली. आम्ही हार घातला. आण्णा बसले आणि लगेच एक फाईल उघडली.

त्या वर्षीच्या रुजू दिवसाला कचेरीत पेढा आला नाही. भरती आहे का हे कुणी विचारलं नाही. मला राहवेना, म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बैठकीत वॉशिंग मशीनवर दुपटं घातलेलं होतं. आण्णांनी मला खुर्ची दिली आणि कपाटातून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला.

"बरं झालं आले. ह्या वह्यांवर हेडक्लार्कची सालिना पडताळनीची सही ऱ्हायली हाय. आदल्या हेडक्लार्कनं पार सत्त्याण्णवपस्तोरच्या केल्यात, न बघताच. मंगच्या दोन सालात हेडक्लार्क तुमी होते. माह्याच घरच्या आस्थापनेवर मी कशी सही करू? बराबर हाय का न्हाई?"

"बराबर आहे," मी म्हटलं.

"वाचून करा," असं म्हणून ते चहा ठेवायला आत गेले.

मी मिक्सरची वही उघडली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पान उलटलं. 'कोणाच्या जागी' या रकान्यात लिहिलं होतं: सौ. सरस्वती रं. वायाळ, पाटा-वरवंटा. 'जागा रिक्त होण्याचे कारण': उजव्या हाताची मूठ मिटत नाही. मोटारीच्या वहीत: सौ. सरस्वती, हापशावरून पाणी आणणे. कारण: खांदा वर जात नाही. गिझर: बंब पेटवणे. कारण: खाली वाकता येत नाही. घरघंटी: दळण डोक्यावर नेणे. कारण: मान. रोटीयंत्र: भाकर थापणे. कारण: दोन्ही तळवे. वॉशिंग मशीन: धुणे पिळणे. कारण: बोटे, आता सर्व.

मी पुन्हा मिक्सरच्या वहीकडे गेलो. ज्या नोटिशीवर आम्ही आठवडाभर हसलो होतो, तिची नोंद शोधली. 'सक्त ताकीद. याच्या गैरहजेरीत सौ. यांनी पाट्यावर वाटले. तीन दिवस हात सुजला.'

आरशाचा विनोद मला आठवला. 'आता तुम्हाला काय काम उरलं' हे मी विचारलं होतं, तेही आठवलं आणि मला माझी शरम वाटली. तशी नंतर कधी वाटलेली नाही.

गठ्ठ्यात तळाशी आणखी एक वही होती. तिच्या पहिल्या पानावर शाईत बुडवलेल्या कुठल्या यंत्राचा पाय नव्हता, माणसाचा अंगठा होता. कर्मचारी: रं. बा. वायाळ. पद: वेणी घालणे. कोणाच्या जागी: चि. उषा, लग्नामुळे. कामाची वेळ: सकाळी साडेनऊनंतर, अंगणात ऊन आल्यावर. त्यापुढे कंसात बारीक अक्षर होतं, 'उन्हाआधी मान धरवत नाही.' पुढे पानंच्या पानं रोजच्या हजेरीची. पहिल्या महिन्यात 'गुंता झाला', 'पेड सुटला', 'सौ. हसल्या' असे शेरे. मग नुसत्या खुणा. सत्त्याण्णवच्या त्या महिन्यातल्या सगळ्या तारखा भरलेल्या. शेवटी तीन नोंदींपुढे 'दवाखान्यात' लिहिलेलं, आणि काकू गेल्या त्या अगदी शेवटच्या तारखेपुढे 'नंतर घातली' एवढंच. खाली दुहेरी रेघ मारून शेरा होता: सेवाकाळात एकही लेटमार्क नाही.

आण्णा चहा घेऊन आले. मी म्हटलं, "आण्णा, एकदा साहेबांना सांगायचं होतं हो. मला सांगायचं होतं."

"तिनं सांगू नका म्हन्लं व्हतं," ते म्हणाले. "बाया येऊन हात बघत्याल म्हनायची. शेजारनीला पन हात लावू देत नव्हती केसाला. उषाच्या मागं मीच एक." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "तुमी समदे म्हनता, आण्णा आता जल्दी येऊन राह्यले. काय करू घरी? साडेनवाला ऊन येऊन बसतं अंगनात. मला बघवत न्हाई ते."

मी पेन काढलं. प्रत्येक वहीत दोन-दोन वर्षांच्या सह्या केल्या, सावकाश, वाचून. शेवटच्या वहीपाशी हात थांबला. सहीखाली हुद्दा लिहायचा असतो. 'हेडक्लार्क' लिहायचं मला धाडस झालं नाही, तेव्हा नुसतं नाव लिहिलं.

आण्णांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेऊन सही पाहिली आणि टिपकागद दाबून धरला.

"बराबर हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"बराबर हाय, आण्णा," मी म्हटलं.